कळ

उकिडवे बाईंचं आडनाव ऐकून
घणसोलीच्या बायका तोंडाला पदर लावायच्या.
‘बालतपनाचीच बाय धारली गो सरकारनी!’
बाईही हसायच्या. मग सुई काढायच्या.
मी नळ्यांवर नंबर घालायचे.

तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्यावर
भोंग्यांवर दिवस चालायचा
आणि तुर्भ्याच्या आमच्या दोन खोल्यांत
गॅमा काउंटरच्या टकटकीवर.
फळ्यावर एकच प्रश्न, कायमचा,
झाडणाऱ्या मावशींना पुसायची बंदी:
मेंढीत प्रोजेस्टेरॉन उतरतं, मग कळा येतात.
बाईच्या रक्तात ते उतरत नाही.
मग कळ दाबतं कोण?

‘भरती,’ ठमाबाई मढवी म्हणाली.
चारशे नाळा कापलेली सुईण,
हिशेब घरामागच्या भिंतीवर, कोळशानं.
‘भरती लागली का कला लागतान.
तुमचा यंतर काय सांगल?’
मी गालातल्या गालात हसले.
बाईंनी वही उघडली,
पट्टीनं एक उभा रकाना आखला,
वर लिहिलं: खाडीचं पाणी.

एकोणीस महिने भरला तो रकाना.
संबंध आढळला नाही.
हे सांगायला बाई स्वतः गेल्या ठमाबाईकडे
आणि सुक्या करंदीची पुडी घेऊन परतल्या.
घरी चालणार नव्हती,
म्हणून माझ्या डब्यात.
रकाना मात्र आखत राहिल्या.
का, विचारलं तर म्हणाल्या, सवय.

मग तो मे महिना.
शनिवारी रात्री कधीतरी फ्रीझर बंद पडला,
सोमवारी दाराखालून पाणी.
मी दिवाळ्याच्या धक्क्यावर पळाले,
टेम्पोभर बर्फ आणला, सुरमईखालचा.
तीन दिवस अख्ख्या प्रयोगशाळेला
मासळीबाजाराचा वास.
एवढ्या बायांच्या दंडातून घेतलेलं,
कुणी उन्हातून, कुणी सासूची नजर चुकवून दिलेलं,
नळ्यांत तसंच दिसत होतं, पिवळसर, निवांत.
आणि आकडे सुंदर येत होते,
फार सुंदर.

‘कुणाला कळणार आहे, मॅडम?’
बोरवणकर म्हणाला, नवा होता.
बाईंनी लाल पेन शोधलं.
‘आपल्याला कळलंय ना,’ म्हणाल्या,
आणि चारशे बारा ओळींवर
पट्टी लावून रेघ मारली.
वाकडी रेघ त्यांना खपायची नाही,
खोडतानासुद्धा.

उरलं त्यातून निबंध झाला, बारीक अंगाचा.
शेवटचं वाक्य: अधिक अभ्यासाची गरज आहे.
पुढचं अनुदान आलं नाही.
फळ्यावरचा प्रश्न मीच पुसला
खोल्या खाली करताना, ओल्या फडक्यानं.
दोनदा पुसावा लागला.

मग बाई वाशीच्या प्रसूतिकक्षात,
रात्रपाळ्या मागून घेत.
निरोपाच्या दिवशी शाल, नारळ,
अध्यक्ष म्हणाले, ‘मातृत्वाची पूजा करणाऱ्या...’
शेजारी बसून मी ऐकलं,
बाई पुटपुटल्या, ‘मोजणाऱ्या.’

काल पहाटे तीनला
माझी भाची ऋजुता भिंत धरून उभी होती,
कपाळावर घाम, ओठ दातांत.
डॉक्टर म्हणाले, आठ दिवस बाकी होते, आश्चर्य आहे.
मी नेरुळला फोन लावला.
पहिल्याच घंटीला उचलला त्यांनी,
सत्त्याहत्तर वर्षांची बाई, त्या वेळी.

‘बाई, का सुरू झाल्या हो?’
‘मला नाही गं माहीत,’ म्हणाल्या,
जसं कुणी आपलं गाव सांगावं.
‘चालव तिला. पाणी पाज. कंबर चोळ.’
मग थोडं थांबून,
‘तिथल्या खिडकीतून खाडी दिसते का?’

मी पडदा सारला.
पुलाचे दिवे, खाली नुसता चिखल,
त्यात एक होडी कुशीवर पडलेली.
‘दिसते,’ म्हटलं. ‘ओहोटी आहे.’

‘वेळ बघ,’ म्हणाल्या,
‘आणि लिहून ठेव.’