आली तर

नोटीस बोर्डावर एकच टाचणी उरली होती,
म्हणून सहामाहीच्या वेळापत्रकावरच
मुंढे सरांनी दुसरा कागद टोचला:
बावीसला खो-खोची निवड,
चोवीसला गॅदरिंगच्या नाटकाची,
सव्वीसपर्यंत सहलीचे साडेचारशे रुपये, सुट्टे आणावेत.
खालचा पेपर कधी ते बघायला
पोरं वरचा कागद उचलतात,
आणि उचलून धरलेलाच वाचत बसतात.

आज गुरुवार. भूगोल. खोली नंबर चार.
उदगिरात ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर बसलं
की पत्रा मधूनच टण्‌ वाजतो,
आणि चाळीस माना एकदम वर होतात,
जणू उत्तर पडलं वरून.

बाई, पुरवणी.
बाई, दोरा.
बाई, नकाशात नदी निळीच पायजे का?
माझ्याकडं हिरवाच हाय.

प्रश्न पाचवा, अ. आराखड्यात दाखवा: गोदावरी.
तौफीकनं ती नाशकातून उचलली
आणि सरळ मुंबईला समुद्रात सोडली.
जवळचा समुद्र सोडून
एवढ्या लांब कशाला जाईल, असं त्याचं तोंड.
मी काही बोलले नाही. सुपरवायझरनं बोलायचं नसतं.
मी फक्त फिरते,
तिसऱ्या रांगेत, सतराव्या नंबरच्या बाकापाशी वळते.
तो रिकामा आहे.
खडूनं लिहिलेला नंबर कुणी बोटानं पुसू बघितलाय.
गुट्टे गोदावरी ज्ञानोबा. गैरहजर. कारण: कांजिण्या.

मग शिवकांता बिरादारची मूठ हलली.
वीस वर्षं झाली, मला मुठी कळतात.
उत्तराची मूठ घट्ट असते, ओली असते.
ही सैल होती, चिमणीचं पिल्लू धरल्यासारखी.
"आण इकडं."
"बाई, आईशप्पत, उत्तर न्हाई त्यात."
"मग काय करूलालीस?"
ती गप्प. मागची हसली, मग तीही गप्प.

चिठ्ठीत नऊ नावं.
पहिली पाळी कुणाची, खांबाला कोण,
उलटं बसायचं कुणी,
एका नावापुढं कंसात: हिला खो जोरात द्या, ऐकू येत नाही.
आणि सगळ्यात खाली, आधी शाईनं, मग खोडून,
मग पुन्हा पेन्सिलीनं:
९. गोदावरी (आली तर)

नियमानं ती उत्तरपत्रिकेला जोडायची,
खाली शेरा, सही, वेळ.
अकरा वाजून चाळीस मिनिटं.
मी घड्याळात बघितलं, तेवढं केलं.
चिठ्ठी पर्समध्ये गेली,
बसच्या तिकिटांत, डोकेदुखीच्या गोळ्यांत.

शिवकांतानं नदी बरोबर काढली.
पैठण, नांदेड, पुढं तेलंगण, पुढं आंध्र,
टोक बंगालच्या उपसागरात
इतकं जोरात रुतवलं की कागद फाटला.

संध्याकाळी वाढवण्याला फोन लावला.
ज्ञानोबा म्हणाले, निजलीय बाई.
मागून आवाज आला, न निजलेला:
"कोन हाय? शाळंतून? बावीसला येऊलालाव म्हनावं."
"तिला काय होतंय येऊन! फोड हाईत अजून,
खाजवून खाजवून जीव चाललाय पोरीचा."
"खपल्या धरल्यात सगळ्या! पाठीवर दोनच हाईत.
पाठीनं कुठं पळत असतेत?"
ज्ञानोबांनी फोन बाजूला धरला,
खाट करकरली, काहीतरी पडलं, बहुतेक तांब्या.
मग ते म्हणाले, बाई, त्या भूगोलाचं कसं होईल?
मी म्हणाले, बघू.
बघू म्हणजे मला माहीत नाही, हे त्यांनाही कळलं.

आता पेपरांचा गठ्ठा मांडीवर.
तौफीकला अर्धा गुण दिला,
उगम तरी नाशकात आहे म्हणून.
चिठ्ठी उलटून मागं लिहिलं:
मुंढे सरांना विचारणे, निवड पंचवीसला चालेल का.
हेडसरांना विचारणे, फेरपेपर.
टाचण्या एक डबी.