सी-चार खाचेतलं कार्ड

मकरपुऱ्यात बँकेच्या सर्व्हररूममध्ये
पत्र्याचं एकच खोकं, आत पाच बिऱ्हाडं.
वाटणी कागदावरची: याला इतकी मेमरी, त्याला इतके कोअर.
भिंत कुठेच नाही,
तरी प्रत्येक लिनक्सला वाटतं, अख्खं घर आपलंच.

पाचवं बिऱ्हाड मधल्याचं.
डिस्क हवी, त्याला सांगा. नेटवर्क हवं, त्याला सांगा.
खऱ्या कार्डाला हात लावतो तो एकटा,
बाकीच्यांना देतो डिस्कचं नुसतं नाव.
ते नावावर लिहितात, नावावरून वाचतात,
आणि लिहिलेलं खरंच कुठेतरी उमटतं.
पहिल्या वर्षी मला याचं नवल वाटायचं.
मग पगार खात्यात जमा व्हायला लागला,
तेव्हा थांबलं.

चौथ्याचं तसं नाही.
खासगीवाले साहेबांनी सी-चार खाचेतलं फायबर कार्ड
त्याला थेट देऊन टाकलेलं, मध्ये कुणी नाही.
"रात्रीचं व्याज त्याच्याकडे," म्हणायचे,
"व्याजाला मध्यस्थ नको. दलाली लागते."
मी हसायचे.

मग एका नवरात्रात, आठव्या माळेला,
मधला अडकला.
बाहेर मैदानात ढोल, आत
तीन बिऱ्हाडं उचललेल्या पावलासकट थिजलेली,
डिस्कची वाट बघत.
चौथा मोजत होता. बचत खाती, मुदत ठेवी, पैसा न् पैसा.
धीर होता म्हणून नव्हे.
आपल्याला शेजार आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं.

यंदा नवं यंत्र आलं, पलीकडच्या रॅकमध्ये.
पहिला, दुसरा, तिसरा
आम्ही चालता चालता उचलून तिकडे नेले.
रावपुरा शाखेत एक बाई पासबुक छापत होती;
तिची ओळ जुन्या यंत्रात सुरू झाली, नव्यात संपली,
शाई कुठे तुटली नाही.
जिग्नाने टाळी दिली, "जोयुं? नावाला काय, कुठेही न्या."

चौथा हलेना.
पडद्यावर एकच ओळ:
याच्याकडे प्रत्यक्ष उपकरण आहे.
ज्याचा हात लोखंडावर
त्याला जिवंत उचलता येत नाही.

रात्री दांडिया बाजारात फोन लावला.
साहेबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.
"बंद करावा लागेल," मी म्हटलं.
"हं. आधी सगळं लिहून होऊ दे. मग खाली घे.
आणि वैजू, बोटात अंगठी असली तर काढून ठेव."
थोड्या वेळाने, "किती दिवस चालू आहे?"
मी पाहिलं. एक हजार नऊशे बारा.
"म्हणजे मीच चालू केलेला. जायच्या आदल्या आठवड्यात."

मग त्यांनी विचारलं,
कार्ड तिकडे लावणार,
की त्यालाही मधल्याच्या पंगतीत बसवणार?
"पंगतीत," मी म्हटलं. "आता मधले दोन आहेत,
एक पडला तर दुसरा वाढतो."
"दोन? बरं. चांगलंय."
आणि टीव्हीचा आवाज वाढला.

कार्ड कोमट होतं.
खाचेतून येताना किंचित अडलं, मग सुटलं.
कडेवर मार्करने, त्यांच्या उभ्या अक्षरात:
व्याज. हात लावू नये.
मी हात लावूनच ते वाचत होते.

चौथा नव्या घरी उठला.
डिस्क मागितली, नाव मिळालं,
त्याने काही विचारलं नाही.
त्या रात्री व्याज चार मिनिटं उशिरा संपलं.
यंत्र नवं, दुपटीने वेगवान,
तरी चार मिनिटं.
नोंदवहीत कारणाचा एक रकाना असतो.
जिग्ना म्हणाली, लिही ने, पहिली रात्र, सेटिंग.

मी लिहिलं: दलाली.
सकाळी खोडलं.
कार्ड माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, चंदेरी पिशवीत,
पंचिंग मशीन आणि अंगठीच्या शेजारी.
अंगठी घरी न्यायची रोज विसरते.