इसार

पाकिटाच्या मागे हिशोब मांडलाय:
मशीन चारशे डॉलर,
ट्रक एका दिवसाचा, नव्वद,
तीन फेजची मोटर घरच्या विजेवर फिरवायला
जे खोकं लागतं त्याचे दोनशे दहा,
पात्यांना धार, चाळीस.
आणि खाली, ड्वेनच्या अक्षरात:
तुझी पाठ – किती?

चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला.
कळतं मला.
एकतीस वर्षं टपाल वाटलं या सरोवराच्या काठाने,
पत्ता वाचायच्या आधी वजन कळतं हाताला.

नवं मिळतं. खोक्यात, गॅरंटीसकट,
निळं, ॲल्युमिनियमचं, एकटीला उचलेल असं.
मार्केटच्या दुकानात चालवून पाहिलं तर
फळीबरोबर तेही थरथरत होतं,
चर्चमध्ये पहिल्यांदा वाचायला उभ्या केलेल्या पोरासारखं.

एइनो रौतिओच्या शेडमधला रंधा ओतीव लोखंडाचा,
माझ्या बापापेक्षा वर्षाने मोठा.
टेबलावर तळवा टेकला,
थंडी कोपरापर्यंत चढली.
पोलादी पट्टी आडवी धरून मागून टॉर्च मारला:
मधोमध उजेडाची रेघ,
केसाएवढी.

"झिजलंय," एइनो म्हणाला, मी विचारायच्या आत.
"बेअरिंग ओरडतात.
पट्टा गेलाय.
आडपट्टी काटकोनात राहत नाही, सारखी बघावी लागते.
आणि आवाजाने कुत्रं पळून जातं."
कुत्रं मशीनखाली झोपलं होतं.

विकायला काढलेल्या वस्तूबद्दल
कुणी असं बोलत नाही.
मुलगी लग्नाची झाली की बाप तिचा स्वयंपाक कसा बिघडतो ते सांगतो,
तसं काहीतरी.

बटण दाबलं.
आधी घसा साफ केल्यासारखं, मग पट्ट्याची फडफड,
मग एकच सलग सूर.
बेअरिंग ओरडले नाहीत.
मी त्याच्याकडे पाहिलं, तो खिडकीकडे बघत होता.

बर्चच्या दोन फळ्या बरोबर नेल्या होत्या.
कान्तेलेच्या पाठीसाठी ठेवलेल्या.
माझी आजी मांडीवर घेऊन वाजवायची ते वाद्य,
मला वाजवता येत नाही, म्हणून मी ते बनवते.
दोन हिवाळे कोपऱ्यात उभ्या राहून फळ्या वाकल्या होत्या.
एकदा सरकवल्या, दोनदा, तीनदा.
चौथ्या वेळी आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत
न अडखळता गेला.
कडेला कड लावून दिव्यासमोर धरल्या.

केसाएवढी फट असलेल्या टेबलाने
बिनफटीचा सांधा दिला होता.
कसा, ते मला अजून सांगता येत नाही.

"लागला?" एइनोने विचारलं.
दिव्यासमोरच उभा होता तो.
मग मला समजलं.
त्याचा अंगठा धरून मी फळ्यांवर ठेवला.
अंगठा सांध्यावरून पलीकडे गेला,
थांबला नाही,
परत आला, सांधा शोधत.
"हं," म्हणाला.
बराच वेळ अंगठा तिथेच होता.

बाहेर बर्फ वितळून अंगणाची खीर झालेली.
मेच्या आत इथे ट्रक आणला तर
ट्रकही इथेच विकावा लागेल.
वीस-वीसच्या दोन नोटा दिल्या, इसार म्हणून.
त्याने नोटा नखाने चाचपल्या,
सुतारी पेन्सिलीने पावती लिहिली.
अक्षरं ओळ सोडून उतारावर गेली होती.
तारीख मेची की जूनची, वाचता येत नाही.

"घेतलंस?" ड्वेनने विचारलं.
इसार दिला.
"म्हणजे घेतलंस."
म्हणजे इसार दिला.

त्या रात्री गॅरेजमध्ये, स्नोमोबाईलच्या शेजारी,
मोजून खडूने चौकोन काढला:
सहा फूट बाय दोन, अधिक फळी पुढे यायला जागा.
अजून पुसता येईल. ओल्या फडक्याने, एका मिनिटात.

तीन आठवडे झाले.
मी त्याला वळसा घालून जाते.
काल किराण्याच्या चार पिशव्या घेऊन ड्वेन आला,
खडूच्या रेघेशी थांबला,
पुटपुटत
वळसा घालून गेला.