अर्धा गॉस

दुपारच्या वाऱ्यात पाळणा बंद पडला,
म्हणून म्हातारा तेओफील फुर्काद आज वरच अडकला.
आता वारा पडलाय, पिक-द्यु-मिदीवर आकाश लख्ख,
पण पाळणा सकाळशिवाय हलायचा नाही.
नियंत्रण-खोलीत माझ्या मागे स्टूल ओढून
तो विचारतो, आज कोण?

माझ्या भाषेत पुनर्वसु म्हणतात
त्या जोडीतला नारिंगी.
पोटातला हायड्रोजन सरला
तसा मुख्य श्रेणी सोडून निघाला,
फुगत फुगत नऊ सूर्यांइतका रुंद झाला,
गिरकी मंदावली.
पूर्वी जे चुंबकत्व असेल नसेल
ते आता एवढ्या कातडीवर पुरवायचं,
एका पावाचं लोणी वीस पावांना.

चार वेळा उघडझाप, दर वेळी काच थोडी फिरवून.
डाव्या वळणाचा उजेड वेगळा, उजव्या वळणाचा वेगळा,
मग दोघांची वजाबाकी.
उरतं ते काहीच नसल्यासारखं.
लोखंडाच्या, टायटॅनियमच्या हजारो रेषा
धुतलेल्या चादरींसारख्या एकीवर एक रचायच्या,
आज सातवी रात्र.
तीनच्या सुमारास गोंगाटातून एक नागमोड वर येते,
जरा वर, जरा खाली,
झोपेत कुणी कूस बदलावी इतकीच.

किती?
अर्धा गॉस. त्याहूनही कमीच असेल.
मी ओशाळून सांगते. जेवणघरातल्या फ्रीजवरची
ती चिनीमातीची गाय
शंभरपट ताकदीनं किराण्याची यादी धरून ठेवते.

तेओफील हसत नाही.
सतराव्या वर्षी तो इथला हमाल होता.
पाळणा नव्हता तेव्हा. पाव, टपाल,
एकदा पाऱ्याची बाटली, बाळ झोपवल्यागत छातीशी,
असं घेऊन बर्फातून चढायचं.
एका जानेवारीत धुकं असं उतरलं
की स्वतःच्या हातमोज्याची बोटं दिसेनात.
पुढे तो, मागे दोघं सुकाझ भाऊ, शेवटी लिपिक, मध्ये दोर.
डावीकडे कडा आहे हे चौघांना ठाऊक.
डावीकडे म्हणजे कुठे, ते कुणालाच नाही.
खिशात होकायंत्र होतं, लष्करातून आलेलं,
काचेला तडा गेलेलं.

"ती सुई वळवायला पृथ्वीला किती गॉस लागतो?"
साधारण तेवढाच. अर्धा.
"मग कमी कशाला म्हणतेस, पोरी?
चार माणसं आणि अठरा पाव पोचले त्यावर."
थोडा वेळ थांबून,
"पाव भिजले होते."

मी वहीत आकडा लिहिते, पुढे त्रुटीची मर्यादा;
ती आकड्याच्या जवळजवळ निम्मी.
शेऱ्याच्या रकान्यात रोज 'क्षीण' लिहिते,
आज पेन तिथे अडकतं
आणि रकाना तसाच राहतो.

घुमट कुरकुरत त्या नारिंगी ठिपक्यामागे सरकतो.
पुढची उघडझाप सुरू.
तेओफील स्टुलावरच पेंगलाय,
एक हातमोजा काढलेला, एक तसाच.