पाचर

कुडचड्याच्या वजनकाट्यावरची केबिन, आठ बाय सहा.
खिडकीत शाणू गावकराचा चहा,
त्यात बुडून मेलेली एक मुंगी.
रात्री मशीन स्वतःहून अपडेट झालं
आणि पावती छापायची विसरलं.
बाहेर नऊ ट्रक. सगळे लाल.
मुळात कुठल्या रंगाचे, ते फक्त कागदोपत्री.

प्रोग्राम आग्नेलचा. तो आता स्विंडनला
गोदामात खोकी उचलतो. जाताना म्हणाला होता,
चालतंय तोवर उघडू नको.
आज उघडला.
चारशे ओळी, श्वास घ्यायला कुठे जागा नाही,
आणि मध्येच रोमी अक्षरांत एक सूचना:
हांगा हात लावूं नाका.

सूचनेखाली भागाकार.
वजनाला विसाने भागायचं, लगेच विसाने गुणायचं.
शाळेत असं केलं असतं तर बाई म्हणाल्या असत्या,
मग घरातून निघालीस कशाला?
पण जुन्या आवृत्तीतला भागाकार
उरलंसुरलं गिळतो, ढेकरही देत नाही.
सोळा हजार चारशे पस्तीस आत जातात,
सोळा हजार चारशे वीस बाहेर येतात.
नवी आवृत्ती पस्तीसचे पस्तीसच देते,
वर एक पॉइंट शून्य.

शाणू म्हणाला, नऊ वर्षं
ते पंधरा किलो कुणी मागितले नाहीत.
आता छापलेस तर सगळे मागतील.

आणि ऑनलाइन पास काढायला मात्र नवीच लागते.
म्हणजे दोघी हव्यात, एकाच घरात,
एकीच्या चुलीवर दुसरीचं भांडं न जाता.

त्यासाठी एक कारभारी मिळतो. फुकट.
एका ओळीत उतरवून घ्यायचा.
नेट पुलापर्यंत येतं आणि तिथेच रेंगाळतं,
म्हणून मोबाइल खिडकीच्या गजाला रबराने बांधला.
उतरला. हाक मारली.
आज्ञा सापडली नाही.

सापडणार कशी?
नावाआधी टिंब लावून लपून बसलेली जी फाइल,
तिच्या तळाशी तीन ओळी जोडायच्या राहिल्या होत्या.
जोडल्या. खिडकी मिटली, उघडली.
ओ आली.

मग जुनी आवृत्ती, मुळापासून बांधायची.
एकदा फसली, कुलपांची लायब्ररी नव्हती.
दुसऱ्यांदा वीस मिनिटं अक्षरं वाहत राहिली,
मशीनचा पंखा केबिनच्या पंख्यावर ओरडायला लागला.
एका ड्रायव्हरने डोकं आत घातलं: आणखी किती?
शिजतंय, म्हटलं.

हा कारभारी करतो काय,
तर हाकेच्या वाटेवर एक पाचर ठोकतो.
हाक आधी पाचरीवर आदळते;
पाचर बघते, तू उभी कुठल्या फोल्डरात,
आणि त्याप्रमाणे हिला उठवते किंवा तिला.
एरवी पाचर मारली म्हणजे काम अडलं.
माझे बाबा सुतार. त्यांच्या खिशात कायम पाचरी,
फणसाच्या, सागाच्या, एखादी प्लायची.
धुण्याच्या दगडावर त्या निघायच्या
आणि आई त्यांच्या सात पिढ्यांची नावं घ्यायची.

आग्नेलच्या फोल्डरात एक इवलीशी फाइल ठेवली.
आत फक्त आकडे: दोन, सात, अठरा.
बाकी काही नाही. शुभेच्छाही नाहीत.

पहिला ट्रक काट्यावर चढला.
सोळा हजार चारशे वीस.
ड्रायव्हरने पावती न वाचता शर्टात कोंबली.

दुपारी आग्नेलला विचारलं,
ते पंधरा किलो कुणाचे?
उत्तर रात्री आलं, त्याची पाळी सुटल्यावर.

चिखल, बाये.
टायरांना लागून येतो, काट्यावर बसतो.
कधी पाच किलो, कधी चाळीस.
कुणाच्या नावावर घालणार, म्हणून विसाचा हिशेब.
आणि खाली आणखी एक ओळ:
मी गेल्यावर काटा कोणी झाडला काय?

मी फोन शाणूला दाखवला.
त्याने दोनदा वाचलं.
आता केबिनमागे खराटा शोधतोय.