खुरावरचा नंबर

मे लागला की ओक्लाहोमाच्या या कोपऱ्यात
मी खिशात गुरांवर खुणा करायची निळी कांडी ठेवते.
शनिवारी दुपारी सायरनची चाचणी होते; तिला घोडी भीत नाहीत.
ती भितात माझ्या घाईला.

म्हणून सावकाश. आधी कुंपणातली वीज बंद,
मग नायलॉनच्या म्होरक्या काढायच्या, एकेक करून.
कुठे अडकली तर मान मोडते, पट्टा तुटत नाही.
मग खूर उचल, चिखल खरवड, फुंकर मार,
लिही दहा आकडे.
कुमैत बस्टर दगडासारखा उभा. अबलख डोटीला गुदगुल्या होतात.
म्हातारी पंचकल्याणी इडा
सगळा भार माझ्या पाठीवर टाकून डुलकी काढते.

वडील म्हणायचे, ठाणबंद जनावर सुखी जनावर.
पागा त्यांनी स्वतः बांधली होती, अक्रोडाच्या तुळया घालून.
त्याच तुळया त्या वर्षी आतल्या दोघांवर आल्या.
नंतर ते पागेबद्दल काही बोलले नाहीत.
फक्त दाराची कडी उकरून आणली
आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली.
अजून तिथेच आहे. तिच्यात मी पावत्या खोचते.

आज नैर्ऋत्येचं आभाळ शेवाळलंय.
रेडिओवरचा माणूस गावांची नावं घेतोय
हजेरी घ्यावी तशी.

मी मोठं फाटक सताड उघडते.
जा, म्हणते.
जायला सांगणं हेही सांभाळण्यातच येतं
हे पटायला मला नऊ वर्षं लागली.
हाताला अजून पटलेलं नाही,
तो फाटकावरून सुटत नाही.

तळघरात मी, कुत्रा आणि फोन.
वरून काय गेलं ते सांगता येणार नाही.
कान दुखले. मग काहीच नाही.

बाहेर अंधार, बुटाखाली गारा.
बॅटरीच्या झोतात मी डोळे मोजले.
ओहोळाच्या खोलगटात, वाऱ्याकडे पाठ करून,
शेपट्या दाबून उभी होती:
बस्टर. डोटी, कानाला पत्र्याची चीर. तिचं शिंगरू.
इडा नाही.
इडाच्या जागी, बस्टरला चिकटून,
एक अनोळखी करडी घोडी,
आयाळीत कुणाच्या तरी भिंतीतला गुलाबी कापूस.

बराच वेळ तिने पाय उचलू दिला नाही.
मग दिला. लाल रंगात, घाईघाईचे आकडे,
शेवटचा एक की सात, कळेना.
मी सात धरला.

पहिली रिंग पुरी व्हायच्या आत कुणीतरी उचलला.
बोललं नाही. नुसता श्वास.
‘तुमची करडी माझ्याकडे आहे,’ मी म्हटलं.
‘उभी आहे?’
‘चारी पायांवर.’

मग तो रडला असावा. मी ऐकत राहिले.
या वेळी इडाचा खूर हातात धरून
कुणी माझा नंबर लावत असेल
तर त्याला लाइन बिझी लागत होती,
हे कळत होतं,
आणि फोन ठेववत नव्हता.