घड्याळ तेच

सेर्रितो गल्लीत, बंदराच्या वासात,
सत्तावीस वर्षं मी विमानाची तिकिटं विकली.
भिंतीवर बुडालेल्या एका कंपनीचं कॅलेंडर,
काखेत कडू येर्बाचा थर्मास, इथं सगळ्यांच्याच असतो तसा.

दर जुलैत छोई सांग-बोक यायचा.
माकुळ पकडणाऱ्या बोटीवरचा मेकॅनिक,
नखांत डिझेल, भुवयांवर मीठ.
बसायचा नाही. उभ्यानंच विचारायचा,
"मोंतेविदेओ ते मोक्पो. किती?"

एकोणीस हजार सातशे किलोमीटर, मी सांगायचे.
याहून फारसं लांब जाताच येत नाही, सेन्योर छोई.
आणखी थोडं पुढं गेलात
की माणूस परत जवळ यायला लागतो.

"तास?"

पहिल्या वर्षी एकावन्न.
साओ पावलो, लॉस एंजेलिस, टोकियो, सोल,
आणि वर बस.
"बसचेपण धरा," तो म्हणायचा,
"खरा वेळ बसमध्येच लागतो."
मी धरायचे.
आकडा काडेपेटीवर लिहून घ्यायचा
आणि जायचा.

मग चव्वेचाळीस झाले. मग एकोणचाळीस.
विमानं मोठी झाली, मधले थांबे गळले.
एकोणचाळीसच्या साली त्याची आई गेली.
पस्तीसला थोरला भाऊ.
आम्ही दोघं वर्षं अशीच मोजायचो,
तासांवरून.

एकदा माझ्या डब्यातलं संत्रं उचलून
त्यानं माझंच बॉलपेन त्यातून आरपार घातलं.
"असं. सरळ. बारा हजार सातशे.
हे तिकीट का नाही विकत?"
रस वेळापत्रकावर सांडला.
गुरुवारची सगळी विमानं एकमेकांना चिकटली,
पुढं महिनाभर पानं सोडवताना
बोटांना वास यायचा.

जात का नाही, हे मी कधी विचारलं नाही.
एका वर्षी आपणहूनच म्हणाला,
"पंधरा महिन्यांचा करार होता.
घरी पंधरा महिने सांगून निघालो होतो."
आणि बराच वेळ
बंदरातल्या क्रेनकडं बघत राहिला,
जणू पुढचं वाक्य ती उचलून देणार होती.

दोन हजार नऊच्या जुलैत तो बसला.
काडेपेटी काढली नाही.
तेहतीस तास, अधिक बस.
नोटा मोजल्या, रबर मात्र परत मागून घेतलं.
सवयीनं मी म्हटलं,
घड्याळ बारा तास पुढं करा हं.

त्यानं मनगट माझ्यासमोर धरलं. जुनं, काट्यांचं.
"बारा पुढं केले की काटे कुठं येतात,
सेन्योरा बेन्तान्कोर?"

मी हसले. मग हसू तिथंच राहिलं.
अठरा वर्षं हा माणूस
दोन्हीकडची वेळ एकाच काचेत बघत होता.
इंजिनखोलीत सहा वाजले
की आईच्या अंगणातही सहाच.
फक्त एकीकडं दिवा लावायची वेळ
आणि एकीकडं विझवायची.

तिकीट महिन्याचं होतं.
नवव्या दिवशी तो दारात.

"कसं होतं?"

"बस," तो म्हणाला,
"आता चारच तासांत पोचते,"
आणि सरकारदरबारी तक्रार करावी
तसं बघितलं माझ्याकडं.
मग उभ्यानंच,
खिसे चाचपत,
काडेपेटी आहे का विचारलं.